मळभाची वीज

दिवेलागणीच्या सुमाराला माझ्या थोरल्या भावाचा फोन येतो. "काय गं, किती झालं आज?" हा त्याचा पहिला प्रश्न, पोरंबाळं, तब्येती, सगळं मागनं. मी सांगते, "तेरा." तिकडं जरा शांतता. मग तो म्हणतो, "आमचं पाचावरच अडकलंय बघ. सकाळधरनं डोंगर दिसंना झालाय." माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या पाटणच्या खोऱ्यात, सासर सांगलीत. मध्ये शंभरेक किलोमीटरचं अंतर, कराडला कृष्णेला येऊन मिळणारी कोयना, आणि दोन्ही घरांच्या माथ्यावर तेवढ्याच ताकदीचं, तीन किलोवॅटचं सोलर. पूर्वी या फोनवर पावसाची चौकशी व्हायची. आता उन्हाचीही होते. दोन्हींसाठी बघायचं मात्र त्याच आभाळाकडं.

२०२४ च्या फेब्रुवारीत प्रधानमंत्री सूर्यघर योजना आली आणि तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांचं अनुदान मिळायला लागलं, तेव्हा आमच्यासारख्या पुष्कळ घरांनी मनावर घेतलं. जिन्याखाली इन्व्हर्टरचा डबा बसला, दाराबाहेरचं मीटर बदलून नेट मीटर आलं आणि मोबाईलवर एक आलेख दिसायला लागला. लख्ख दिवशी तो आलेख एखाद्या गोलसर टेकडीसारखा असतो. सकाळी सातच्या सुमाराला जमिनीतून उगवतो, बारा-साडेबाराला माथा गाठतो, तितक्याच सावकाश उतरून सहाच्या आसपास मिटतो. संक्रांतीनंतर दिवस मोठा होतो हे लहानपणापासून ऐकलेलं. रथसप्तमीला पाटावर सूर्याचा रथ काढून अंगणात दूध उतू घालवताना त्याचा अर्थ थोडाफार कळायचाही. पण त्या टेकडीच्या दोन्ही पायथ्यांनी रोज थोडं थोडं पसरत जाताना पाहिलं, तेव्हा ते मोठं होणं मला पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

सगळ्यात जास्त वीज मे महिन्यात होत असेल असं कुणालाही वाटेल. सांगलीचं मेचं ऊन ज्यानं सोसलंय त्याला तर वाटेलच. पण सिलिकॉनच्या पत्र्याला उजेड हवा असतो, उष्मा सोसत नाही. त्याची ताकद मोजतात ती पंचवीस अंश तापमानाला. त्याच्यावर दर अंशाला ती जवळपास एक तृतीयांश टक्क्यानं घटते. मेच्या दुपारी गच्चीवरचं पॅनल साठ अंशांच्या पुढं तापलेलं असतं, म्हणजे दहाएक टक्के वीज नुसत्या तलखीत विरून जाते. उलट फेब्रुवारी संपता संपता सकाळची थंडी अजून हवेत असते, आभाळ धुतल्यासारखं निळं असतं, आणि दुपारी वारा सुटलेला असतो. त्या दिवसांत आमचं सोलर जीव तोडून काम करतं. ऊन तापदायक असणं आणि ऊन देणारं असणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे मला या आलेखानं शिकवलं.

मेमध्येच, पहिल्या-दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, सूर्य बरोबर आमच्या डोक्यावरून जातो. आधी सांगलीवरून, मग दोन-तीन दिवसांनी साताऱ्यावरून. भर दुपारी गच्चीवर उभं राहिलं तर स्वतःची सावली पायाखाली लपते आणि सरळ उभा केलेला पाण्याचा पाइप आपली सावली गिळून टाकतो. असा दिवस वर्षातून दोनदा येतो. दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि तो कुणाला सहसा दिसत नाही. सूर्य तेव्हाही थेट माथ्यावर असतो, फक्त मध्ये आषाढ-श्रावणाचे ढग असतात. त्या दुपारी ढगांच्या वर केवढं ऊन सांडत असेल, या विचारानं मी कधी कधी आभाळाकडं बघत राहते.

गच्चीची खरी मालकी आमच्या आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची. सोलर बसवायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "आणि माझं वाळवण कुठं घालायचं?" प्रश्न साधा नव्हता. पॅनलला लागणारं दक्षिणेचं मोकळं ऊन आणि कुरडयांना लागणारं ऊन एकच. शेवटी लोखंडी सांगाडा माणसाच्या डोक्यावर जाईल इतका उंच करून घेतला आणि पूर्वेची पट्टी वाळवणासाठी राखली. चैत्रात तिथं साड्या अंथरल्या जातात, त्यांच्यावर कुरडया, सांडगे, उडदाचे पापड. आत्याबाईंना अ‍ॅप बघावं लागत नाही. पहाटे दार उघडून हवा अंगावर घेतली की त्या सांगतात, "आज चिक शिजवू नका, दुपारनंतर आभाळ येणार." आणि दोनच्या पुढं माझ्या मोबाईलवरची टेकडी एका बाजूनं कोसळायला लागते. उन्हाचा इतका बारीक अभ्यास या घरात माझ्या आधी कितीतरी वर्षं चालू होता. त्याची नोंद कुठल्या आलेखात झाली नाही, बरणीत झाली.

आमचा मुलूखच तसा आभाळाकडं बघून जगणारा. तासगाव-कवठेमहांकाळकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये बेदाण्याच्या शेडवर द्राक्षं पसरलेली असतात, आणि एक अवकाळी सर शेतकऱ्याच्या वर्षाचा रंग काळवंडून टाकू शकते. त्याच दिवसांत हळद शिजवून खळ्यावर वाळत पडलेली असते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या पिवळ्या रंगामागं मातीइतकंच या उन्हाचंही काम आहे. त्या दिवसांत मळभ आलं की आमची दोन-चार युनिटं कमी होतात, तेवढंच. पण माझं लक्ष तेव्हा आकड्यावर राहत नाही. खळ्यावरचा माणूस ताडपत्री घेऊन धावत असेल, ते डोळ्यांपुढं येतं. उन्हाशी आपलाही काही देण्याघेण्याचा संबंध आला, की ज्यांचं सगळंच त्याच्यावर अवलंबून आहे त्यांची काळजी आपल्याला लागते.

थंडीत आणखी एक गोष्ट आभाळातून उतरते. ऊस तुटून गेल्यावर रानात पाचट पेटवतात आणि त्याची काळी, हलकी पानं तरंगत गावावर येतात. धुतलेल्या कपड्यांवर, तुळशीवर आणि पॅनलच्या काचेवर ती बसतात. चार-आठ दिवसांत काचेवर काजळीची साय धरते आणि टेकडीचा माथा खचतो. मग पहाटे, काच गार असताना, साध्या पाण्यानं आणि मऊ फडक्यानं ती पुसायची. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही. ही काच पुसण्याचं काम मला मनापासून आवडतं. बादलीतलं पाणी काळं होत जातं आणि खालून निळसर काळा पत्रा उघडा पडतो. जे रान जळतंय त्याचंही मला वाईट वाटतं. तेच पाचट सरीत कुजवलं तर जमिनीला मिळतं, हे आता पुष्कळ शेतकऱ्यांना पटलंय. तरी दर हंगामात आभाळातून काही काळी पानं येतातच.

मग पाऊस. आमच्या या दोन जिल्ह्यांइतकं वागण्यात अंतर असलेलं आभाळ फार थोड्या ठिकाणी असेल. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातलं माण पाचशेची वाट बघत राहतं. सांगलीतही तेच: पश्चिमेला शिराळ्यात भाताची चिखलणी चालू असते तेव्हा जत-आटपाडीत धूळ उडत असते. जिथं पाणी नाही तिथं ऊन भरपूर. आटपाडीच्या एखाद्या घरावर जुलैतही टेकडी बऱ्यापैकी गोल निघते, आणि दादाकडं पुनर्वसूचा तरणा आणि पुष्याचा म्हातारा असे दोन्ही पाऊस संपेपर्यंत आलेख जमिनीला चिकटून सरपटतो. तरीही तो शून्य होत नाही, याचं मला नवल वाटतं. दाट ढगांतूनही विखुरलेला उजेड खाली येतच असतो आणि पॅनल तो गोळा करतं. दीड-दोन युनिटं का असेनात, भिजलेल्या, धुरकटलेल्या दिवसातून निघतात. आई त्याला मळभाची वीज म्हणते.

श्रावणातला आलेख मात्र सगळ्यांत देखणा. त्याला टेकडीचा आकार नसतो, तो करवतीच्या पात्यासारखा दातेरी असतो. ढग आला की दरी, गेला की सुळका. आणि काही सुळके तर निरभ्र दिवसाच्या माथ्यापेक्षाही उंच जातात. पांढऱ्याशुभ्र ढगाची कड सूर्याच्या अगदी शेजारी आली, की सरळ येणाऱ्या उन्हात त्या कडेवरून परतलेला उजेडही मिसळतो, आणि घटकाभर पॅनलवर स्वच्छ आभाळापेक्षा जास्त प्रकाश पडतो. ढग उजेड अडवतो एवढंच मला ठाऊक होतं. तो उजेड वाढवूही शकतो हे कळलं तेव्हा मी आत्याबाईंना मुद्दाम गच्चीवर नेऊन तो ढग दाखवला. त्या म्हणाल्या, "पोरी, श्रावणातलं ऊन चावतं ते उगीच नाही."

दादाच्या घरावरचे ते भिजके, दीड युनिटाचे दिवस मला सुरुवातीला टोचायचे. एवढा खर्च करून चार महिने हे असं, म्हणून त्याच्यापेक्षा मीच हळहळायची. मग एका आषाढात माहेरी होते. पागोळ्या एकसारख्या गळत होत्या, आणि दादानं सवयीनं वर्तमानपत्रात आधी कोयनेच्या पातळीचा आकडा पाहिला. धरण किती टीएमसी भरलं, हे आमच्या खोऱ्यात तांदूळ निवडता निवडताही बोललं जातं. धरणाच्या शिवाजीसागर जलाशयाची क्षमता एकशे पाच टीएमसी. त्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं, आमच्या नेट मीटरचं मार्चअखेर संपतं. त्या दिवशी हे दोन हिशेब माझ्या मनात शेजारी शेजारी आले. जो ढग दादाच्या पॅनलवर बसून राहिलाय, तोच तिकडं धरण भरतोय. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीकडं उतरणार आणि तिथं, १९६२ पासून चालत आलं आहे तसं, वीज होणार. कोयना प्रकल्पाची सगळी मिळून ताकद १९६० मेगावॅट. त्यातही तिचं खरं मोल संध्याकाळी. घरोघरी दिवे लागतात, सोलरचा आलेख मिटलेला असतो, मागणी एकदम वर जाते, आणि पाण्यावरची ही जनित्रं काही मिनिटांत कामाला लागतात. राज्याची बरीचशी वीज अजून कोळशाचीच आहे. पण माझ्या रात्रीच्या दिव्यात कोयनेचाही वाटा असतो, आणि कोयनेत त्या आषाढातल्या मळभाचा. तेव्हापासून दादाचं दीड युनिट ऐकून माझ्या जिवाला काही होत नाही.

त्याच खोऱ्याच्या माथ्यावर, वनकुसवड्याच्या पठारावर, पवनचक्क्या आहेत. इकडं ठोसेघरच्या बाजूला चाळकेवाडीलाही. गेल्या शतकाच्या अखेरीपासून त्या फिरताहेत. त्यांचा हंगाम म्हणजे ऐन पावसाळा. नैर्ऋत्येचा वारा सड्यावर माणसाला उभं राहू देत नाही तेव्हा त्या सगळ्यात जोरात फिरतात. आमच्या पॅनलचे वाईट दिवस ते त्यांचे सुगीचे. आणि पाटण तालुक्यातलंच मान्याचीवाडी हे गाव २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झालं. शंभरावर घरं, सगळ्यांच्या छपरांवर सूर्य. एका पाटण तालुक्यात पाणी, वारा आणि ऊन तिन्ही कामाला लागलेले पाहिले, की वाटतं ऋतूंनी आपसात पाळ्या वाटून घेतल्यात. एकाची पाळी संपली की दुसरा उभा राहतो.

पण या पाळ्यांची किंमत कुणीतरी मोजलेली आहे, हे विसरून चालत नाही. आमच्या खोऱ्यात ते विसरता येतही नाही. शिवाजीसागराच्या पाण्याखाली गावंच्या गावं गेली, हजारो कुटुंबं देवघरातले देव उचलून परमुलखात गेली, आणि त्यांतल्या कित्येकांच्या पुढच्या पिढ्या अजून हक्काच्या जमिनीसाठी झगडताहेत. दिवा लावताना त्यांची आठवण यावी असं मला वाटतं. छपरावरच्या विजेसाठी कुणाला गाव सोडावं लागत नाही. तिचं मला सर्वांत मोठं वाटणारं मोल हेच. बिलातली बचत त्याच्या नंतर.

आणि तोच पाऊस खाली सांगलीत आमच्या दाराशीही येतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या शहराची नजर कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या पट्टीवर असते. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं होतं. त्या आठवड्यात गच्ची या जागेला काय अर्थ येतो हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. भांडीकुंडी, धान्य, म्हातारी माणसं, कुत्री, सगळी गच्चीवर होती. म्हणून पॅनल बसवताना ह्यांनी पहिला आग्रह धरला तो इन्व्हर्टर उंच बसवण्याचा. जिन्याखाली असला तरी तो माणसाच्या डोक्याच्या वर आहे. आमच्याकडं घरातली कुठलीही नवी वस्तू आधी पुराला विचारून जागा घेते.

बिल आता फार थोडं येतं, स्थिर आकारापुरतं. हिशेबाला धरून बोलायचं, तर नेट मीटरमुळं दुपारी दिलेलं युनिट रात्री वापरलेल्या युनिटातून वजा होतं. घरघंटी दुपारी लावली काय आणि रात्री लावली काय, फरक पडत नाही. माझा मुलगा हे मला अनेकदा समजावतो. तरी मी दळण, धुणं आणि पाण्याची मोटर अकरा ते दोनमध्येच उरकते. आपल्या छपरावर आत्ता तयार झालेली वीज आत्ताच, कुठंही न जाता आपल्या पिठात उतरावी, यात मला एक समाधान आहे. आणि उरते ती वीज कुठं जाते हेही मी एकदा विचारून घेतलं. ती लांब जात नाही. गल्लीतल्याच जवळच्या वापरात मुरते: समोरच्या शिंप्याच्या मशिनमध्ये, कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये, भाड्याच्या खोलीतल्या त्या पोराच्या पंख्यात, ज्याला स्वतःचं छप्पर नाही. बिलावर त्यांची नावं नसतात. पण दुपारी मीटरचा बाण उलटा झाला, की मला ती माणसं आठवतात.

एक गोष्ट मात्र आईच्या गळी अजून उतरत नाही. वळवाच्या वाऱ्यानं तार तुटते, लाईट जाते, दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडतं आणि तरी सोलर बंदच. "वर एवढं ऊन आणि खाली अंधार, हे कसलं गं?" ती विचारते. मी तिला सांगितलं, आई, लाइन बंद आहे म्हणून वायरमन खांबावर चढलेला असतो. त्या वेळी आपल्या छपरावरनं तारेत करंट गेला तर त्याचं काय होईल? म्हणून लाइन गेली की हा डबा स्वतःहून थांबतो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग थांबू दे. लेकरू कुणाचं तरी वर चढलेलं असतं."

आता दादा बॅटरी घ्यायची म्हणतोय. खोऱ्यात आषाढात तार तुटली की दोन-दोन दिवस लाईट येत नाही, आणि आईला रात्री उठावं लागतं. गरज खरी आहे. साठवण आम्हाला नवी नाही. सांगलीशेजारच्या हरिपुरात जमिनीत पेवं खणून त्यांत हळद वर्षानुवर्षं राखली जायची. उन्हानं दिलेलं अंधारात जपून ठेवायची ती रीत. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि कित्येक पेवं निकामी झाली. तेव्हा साठवण करावी, पण तिच्यावर सगळा भार टाकू नये, असं मला वाटतं. आईची रात्र निघेल एवढी बॅटरी मला समजते. दादाच्या मनात त्याहून मोठी आहे, सगळं घर लाइनीवरनं सुटेल एवढी. मग कोयना कुणासाठी भरते, मीटरचा बाण कुणासाठी उलटा होतो, आणि उद्याचं आभाळ कसं असेल हे कशाला विचारायचं? तो म्हणतो, आपलं ऊन आपल्याकडं राहील. त्यालाही चूक म्हणता येत नाही. अंधारात बसलेल्या माणसाला वाट्याच्या गोष्टी सांगणं सोपं असतं. लहान घ्यावी की मोठी, की यंदाचा एक पावसाळा अजून तसाच काढावा, काही ठरलेलं नाही. मृगाच्या आत ठरवायला हवं.